‘कंबर दुखते’ : एका अनुच्चारित दुखण्याचा इतिहास

बाईच्या दुखण्याखुपण्यांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. अंगावर जातं, पांढरं जातं, ओटीपोटात कळ येते, कंबर भरून येते, अंग बाहेर येतं, मांड्यांत गोळे येतात. प्रत्येक शब्द नेमका आहे आणि ऐकणाऱ्या बाईला तो लगेच कळतो. मात्र नवऱ्याशी संबंध येताना जी वेदना होते तिला बायकांच्या बोलीत नाव नाही. वैद्यकाच्या पुस्तकांसाठी घडवलेले संस्कृत जोडशब्द आहेत, पण ते छापण्यापुरते. कोणाच्या तोंडी मी ते ऐकलेले नाहीत. एका तालुक्याच्या गावात तीस वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना मला या दुखण्याची जी नावं मिळाली ती सगळी वळणावळणाची होती. ‘कंबर दुखते’, ‘ते जवळ आले की नको वाटतं’, ‘यांचं फार आहे’, ‘रात्रीचा त्रास आहे’. कित्येकदा नाव सासूच घेते, आणि तेही दुसऱ्याच गोष्टीचं : ‘दोन वर्षं झाली, अजून काही नाही.’

ज्या दुखण्याला शब्द नाही त्याचा इतिहास कसा शोधायचा? कागदपत्रांत ते स्वतःच्या नावाने येत नाही. धर्मशास्त्राच्या वादात, कोर्टाच्या निकालात, शल्यकर्माच्या बढाईत आणि अश्लीलतेच्या खटल्यात ते आडून आडून भेटतं. गेली काही वर्षं मी या ठिकाणी त्याचा माग काढते आहे. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते.

आधी दुखण्याविषयी थोडं. संबंधाच्या सुरुवातीला, दरम्यान किंवा नंतर योनीत वा ओटीपोटात वारंवार वेदना होत असेल तर ती वैद्यकाच्या दृष्टीने तक्रार ठरते. वरवरची वेदना योनिमुखाशी होते. तिच्यामागे जंतुसंसर्ग असतो, बाळंतपणात पडलेल्या टाक्यांचा वण असतो, अंगावर पाजत असताना किंवा पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटून आलेला कोरडेपणा असतो, कधी तिथल्या चेतातंतूंचीच अतिसंवेदना असते. खोलवरची वेदना ओटीपोटात होते. तिथे एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयाच्या नळ्यांची सूज, आपल्याकडे क्षयरोगसुद्धा सापडतो. कारण कोणतंही असो, पुढचं चक्र एकच : वेदना झाली की भीती बसते, भीतीने कटितळाचे स्नायू आपोआप आवळले जातात, आणि आवळलेल्या स्नायूंमुळे पुढच्या वेळी वेदना वाढते. हे आवळणं बाईच्या मर्जीतलं नसतं. पापणीवर फुंकर मारली की डोळा मिटतो, तसं ते आहे. ब्रिटनमध्ये २०१० ते २०१२ या काळात झालेल्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीत लैंगिक संबंध असलेल्या स्त्रियांपैकी साडेसात टक्के स्त्रियांनी अशी वेदना सांगितली. म्हणजे दर तेरा-चौदा जणींमागे एक. दुर्मीळ म्हणावं असं हे दुखणं नाही.

आपल्या जुन्या वैद्यकाला ते ठाऊक होतं, आणि आजच्या कित्येक दवाखान्यांपेक्षा बरंच ठाऊक होतं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातल्या तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापदांची, म्हणजे योनिरोगांची, यादी आहे. त्यातल्या एकीचं नाव प्राक्चरणा. अतिशय कोवळ्या वयाच्या मुलीशी समागम झाला तर वायू प्रकुपित होऊन पाठ, कंबर, मांड्या आणि जांघा दुखतात व योनी दूषित होते, असं तिचं वर्णन आहे. लक्षणांत कंबर आहे हे वाचून मी क्षणभर थांबले होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात परिप्लुता नावाची व्याधी येते आणि समागमाच्या वेळी होणारी तीव्र वेदना हेच तिचं लक्षण दिलेलं आहे. आडवळण नाही, लाज नाही. उपचारही अंगाला धरून आहेत : तेलात भिजवलेला कापसाचा पिचू, स्नेहन, बस्ती.

मात्र या ग्रंथांना डोक्यावर घेऊन नाचण्याचं कारण नाही. चरकाची परिप्लुता कशाने होते, तर पित्तप्रकृतीच्या स्त्रीने समागमाच्या वेळी शिंक किंवा ढेकर दाबून धरली म्हणून. कारणमीमांसा म्हणून हे टिकणारं नाही. तरी त्या कल्पनेतली बाई मला विसरता येत नाही : जिला त्या वेळी शिंकायचीही चोरी वाटते अशी बाई. ग्रंथकाराला रोगाचं कारण कळलं नसेल, पण शय्येवरचा संकोच त्याने पाहिला होता.

वैद्यकाबाहेर वात्स्यायनानेही हा विषय हाताळला आहे. कामसूत्रात नवपरिणीत मुलीचा विश्वास संपादन करण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. पहिल्या तीन रात्री संबंध नाही. त्यानंतरही घाई नाही, आधी बोलणं, मग स्पर्श. विश्वास न मिळवता बळजोरी केली तर स्त्रीच्या मनात भय आणि संबंधाचाच तिटकारा बसतो, असं तो बजावतो. भीती आणि वेदना यांचं जे चक्र आज आम्ही रुग्णाला कागदावर काढून दाखवतो त्याचं अर्धं वर्तुळ इथे आहे. अर्थात हा उपदेश पुरुषाला केलेला आहे आणि मुलगी त्यात जिंकायची वस्तू आहे, हेही खरं.

हे ज्ञान पुढे कुठे गेलं? पोथीत राहिलं. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात पदवीसाठी प्रबंध लिहिला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. ज्या मुलीचं नवव्या वर्षी लग्न झालं, चौदाव्या वर्षी बाळंतपण झालं आणि ज्यांचं मूल दहा दिवसांत गेलं, त्या आनंदीबाईंना प्राक्चरणेचा श्लोक कसा दिसला असेल, असा विचार माझ्या मनात पुनःपुन्हा येतो. त्यांनी त्यावर स्वतःविषयी काही लिहून ठेवावं असा तो काळ नव्हता, आणि पुढच्याच वर्षी, १८८७च्या फेब्रुवारीत, त्या गेल्या.

त्याच सुमारास मुंबईत एक खटला गाजत होता. मराठीत ‘नांदणं’ हे क्रियापद मोठं विलक्षण आहे. गोकुळ नांदतं, सुख नांदतं, आणि सूनही नांदते. सुखाने राहणं आणि नवऱ्याच्या घरी राहणं या दोन्हींसाठी एकच शब्द. बाई नांदत नाही म्हटलं की दोष तिच्याकडे जातो. ती का नांदत नाही हा प्रश्न त्या क्रियापदातच बुडून जातो. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं होतं. त्या सासरी कधी गेल्याच नाहीत. १८८४ साली दादाजींनी त्यांना नांदायला पाठवावं असा दावा लावला. १८८५मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. ज्या मुलीला माणूस नकोसा आहे तिला तिच्या इच्छेविरुद्ध त्याच्या सहवासात ढकलणं क्रूर आणि किळसवाणं आहे, अशा आशयाचं त्यांचं मत होतं. शिवाय असा दावा मूळ हिंदू धर्मशास्त्रात नाही, तो इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून आला, हेही त्यांनी दाखवलं. अपिलात निकाल फिरला. १८८७मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करला. गंमत अशी की नवऱ्याकडे न जाणाऱ्या बाईला कैद करण्याची तरतूद खुद्द इंग्लंडने १८८४ सालीच रद्द केली होती. शेवटी १८८८मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोटला त्यांनी अनेक वर्षं बायकांवर उपचार केले.

रखमाबाईंची तक्रार वेदनेची नव्हती. पण त्या खटल्याने जो प्रश्न उभा केला तो या लेखाच्या मुळाशी आहे. लग्न झालं म्हणजे बाईच्या शरीराची संमती कायमची दिली गेली का? दोनच वर्षांत कलकत्त्यातून या प्रश्नाचं फार भयंकर रूप समोर आलं.

फुलमणी दासी ही अकरा वर्षांची मुलगी. नवरा हरिमोहन मैती तिच्याहून कितीतरी मोठा. त्याने केलेल्या संबंधातून झालेल्या रक्तस्रावाने ती गेली. १८९०मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयात खटला चालला. भारतीय दंडसंहितेने संमतीचं वय दहा ठरवलं होतं. फुलमणी दहा वर्षांहून मोठी होती आणि हरिमोहन तिचा नवरा होता, म्हणून बलात्काराचा आरोपच होऊ शकत नव्हता. तिच्या मृत्यूबद्दल त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. तीही जिवाला धोका होईल अशा कृत्याने गंभीर दुखापत केल्याबद्दल. न्यायमूर्ती विल्सन यांनी ज्यूरीला सांगताना एक मुद्दा स्पष्ट केला होता : पत्नीच्या सुरक्षिततेची पर्वा न करता तिच्या देहाचा उपभोग घेण्याचा निरपवाद हक्क नवऱ्याला नाही. हे वाक्य पुढे वाढायला हवं होतं. तसं झालं नाही.

त्याच वर्षी लखनौच्या डॉ. मॉनेल मॅन्सेल यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानात काम करणाऱ्या पन्नासहून अधिक स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला. लग्नाचं वय चौदा करावं अशी त्यांची मागणी होती. अर्जासोबत त्यांनी आपल्या दवाखान्यांत पाहिलेल्या मुलींच्या नोंदी जोडल्या होत्या. वय, जखम, परिणाम, एवढंच. कोणी अधू झालेली, कोणी मेलेली. मला या लेखाच्या शोधात सगळ्यात मोलाचा कागद हाच वाटला. त्यात धर्म नाही, राजकारण नाही, विशेषणंही फारशी नाहीत. ज्यांनी तपासलं त्यांनी काय पाहिलं ते लिहिलं आहे. पुढे १९२७ साली कॅथरिन मेयोने ‘मदर इंडिया’त या नोंदींचा उपयोग हिंदुस्थान स्वराज्याला लायक नाही हे ठसवण्यासाठी केला, आणि त्या पुस्तकाविषयीच्या न्याय्य संतापात नोंदीही बदनाम झाल्या. डॉक्टर बायकांचा दोष त्यात नव्हता.

जानेवारी १८९१मध्ये संमतिवयाचं विधेयक आलं आणि महाराष्ट्रात रण पेटलं. वाद कशावर झाला ते पाहण्यासारखं आहे. गर्भाधान संस्कार पहिल्या ऋतूलाच केला पाहिजे का? मुलीला बाराव्याआधी न्हाण आलं आणि कायद्याने संबंधाला बंदी असली तर संस्कार बुडतो, त्याचं पाप कोणाला? टिळकांचा मुख्य मुद्दा होता की परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये. सुधारकांनी स्वतःच शपथ घ्यावी की आपल्या मुलींची लग्नं सोळाव्या वर्षाआधी करणार नाही, असंही त्यांनी सुचवलं होतं. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शास्त्राधार काढून दाखवलं की पहिल्या ऋतूलाच गर्भाधान झालं पाहिजे असा निरपवाद दंडक नाही. टिळकांनी त्याला शास्त्राधारानेच उत्तर दिलं. आगरकरांचा ‘सुधारक’ विधेयकाच्या बाजूने तुटून पडला. दोन्हीकडचे पंडित थोर होते आणि दोन्हीकडची संस्कृत वचनं बिनचूक होती. पण या वादात मी जे जे वाचलं त्यात मला चरकाची प्राक्चरणा कुठे भेटली नाही. स्मृती आणि गृह्यसूत्रं खणून काढली गेली. वैद्यकाचा ग्रंथ, जो याच प्रश्नावर सरळ बोलतो, तो वादाच्या मध्यावर कोणी आणून ठेवलेला दिसला नाही. माझ्या मते त्याचं कारण साधं आहे. वाद मुलीच्या शरीराविषयी नव्हताच, तिच्या शरीरावर अधिकार कोणाचा याविषयी होता : शास्त्राचा, घराचा, की सरकारचा. १९ मार्च १८९१ रोजी कायदा झाला आणि वय दहाचं बारा झालं. तेराव्या वर्षीच्या मुलीला काय होतं, तिसाव्या वर्षीच्या बाईला काय होतं, हे प्रश्न त्यात येणार नव्हते.

पश्चिमेकडच्या वैद्यकाने या काळात काय चालवलं होतं? नावं ठेवणं. जे. मॅरियन सिम्स हा अमेरिकन शल्यचिकित्सक आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणवला जातो. १८४५ ते १८४९ या काळात अलाबामात त्याने गुलाम स्त्रियांवर, भूल न देता, पुनःपुन्हा शस्त्रक्रिया करून मूत्रमार्गाच्या भगंदरावरचा इलाज सिद्ध केला. त्यांतल्या तिघींची नावं तरी आपल्याला माहीत आहेत : अनार्का, बेट्सी आणि ल्युसी. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा त्याचा पुतळा २०१८ साली हलवला तो याच कारणाने. याच सिम्सने १८६१ साली लंडनच्या प्रसूतिशास्त्र संस्थेपुढे योनीच्या स्नायूंच्या अनैच्छिक आवळण्याला व्हजायनिस्मस हे नाव दिलं. लक्षणांचं वर्णन त्याने अचूक केलं, यात शंका नाही. इलाज मात्र सुरीचा : योनिमुखाशी छेद घ्यायचा आणि मग काचेचं साधन बसवून ठेवायचं.

१८६६च्या त्याच्या पुस्तकात एक हकिगत आहे. एका जोडप्याला संबंध शक्यच होत नव्हता. त्यांचा डॉक्टर आठवड्यातून ठरावीक वेळा घरी येऊन बाईला इथर हुंगवी. ती बेशुद्ध झाली की नवरा संबंध करी. हेतू, मूल व्हावं. सिम्स हे एक नवलाचं प्रकरण म्हणून सांगतो. मूल झालं; वेदनेचं काय झालं, हा प्रश्न त्या खोलीतल्या तीन माणसांपैकी दोघांनी विचारला नाही, आणि तिसरी शुद्धीवर नव्हती.

१८७४ साली रॉबर्ट बार्न्स या इंग्रज डॉक्टरने डिस्परुनिया हा शब्द रूढ केला. वेदनायुक्त संबंधासाठी आजही पाठ्यपुस्तकात तोच शब्द आहे. ग्रीक मुळाप्रमाणे त्याचा अर्थ होतो शय्येचा वाईट जोडा. या शब्दात वेदना कुठेच नाही, हे माझ्या लक्षात फार उशिरा, कोश उघडल्यावर आलं. डोकेदुखीला आपण डोक्याचं भांडण म्हणत नाही. इथे मात्र दुखणाऱ्या अवयवाचं नाव बाजूला राहून जोडप्याच्या न जमण्याचं नाव पडलं, आणि पुढची शंभर वर्षं वैद्यक त्या नावामागे चालत गेलं. न्यूयॉर्कच्या थॉमस आणि स्कीन या डॉक्टरांनी १८८०च्या दशकात योनिमुखाच्या अतिसंवेदनशीलतेचं वर्णन करून ठेवलं होतं. नुसत्या स्पर्शाने कळ येते, डोळ्यांना मात्र काही दिसत नाही, असं ते दुखणं. ते पुस्तकांतून जवळजवळ नाहीसं झालं. १९८७मध्ये फ्रेडरिकने कापसाच्या बोळ्याने हलकेच स्पर्श करून निदान करण्याची पद्धत मांडली तेव्हा ते परत आलं. मधल्या काळात मनोविश्लेषणाचं राज्य होतं. डोळ्यांना काही दिसत नाही ना, मग दुखणं मनातलं. बाई थंड आहे, तिला नवऱ्याचा राग आहे, तिला स्त्रीपण मान्य नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९८०च्या सूचीत हे दुखणं मनोलैंगिक विकारांत बसवलं गेलं. नव्या शतकात काही संशोधकांनी साधा प्रश्न विचारला : पाठदुखीचं वर्गीकरण आपण ‘कामात व्यत्यय आणणारा विकार’ असं करत नाही, मग याच वेदनेचं नाव तिच्याने अडणाऱ्या कृतीवरून का? २०१३च्या सूचीत व्हजायनिस्मस आणि डिस्परुनिया एकत्र करून वेदना हा शब्द अखेर नावात आला.

महाराष्ट्रात या विषयावर मोकळेपणी बोलण्याची जागा एका माणसाने तयार केली, आणि तो डॉक्टर नव्हता. रघुनाथ धोंडो कर्वे गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, त्यापायी नोकरी गेली, १९२७च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि १९५३मध्ये मरेपर्यंत चालवलं. बाईलाही कामसुखाचा पुरुषाइतकाच हक्क आहे, हे त्यांनी मराठीत अशा वेळी लिहिलं की ते वाचून भलेभले सुधारक खाली बघत. या एका वाक्याने वेदनेचा दर्जा बदलतो. सुख हा हक्क मानला की दुखणं ही तक्रार ठरते. सुखाची अपेक्षाच नसेल तर दुखणं हे नशीब. वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना ते अंकातून उत्तरं देत. त्या उत्तरांवरच १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. लोकांना लैंगिक अडचणी असतात, त्यांनी विचारलं तर शास्त्रीय उत्तर मिळालं पाहिजे, आणि त्याला अश्लील म्हणता येणार नाही, अशी त्यांची बाजू होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. आजही वर्तमानपत्रात ‘प्रश्न तुमचे’ छापाची सदरं येतात, आणि त्यांची थट्टा करणं सोपं असतं. पण कित्येक बायकांना आपलं दुखणं दुसऱ्या कोणालाही आहे हे पहिल्यांदा अशाच एखाद्या सदरातून कळतं. त्याची किंमत कर्व्यांनी आणि मालतीबाईंनी मोजली आहे.

तरी कर्व्यांचा वाचक शहरी, अक्षर ओळखणारा होता. ज्यांना वाचता येत नव्हतं अशा बायकांपर्यंत पोचायला आणखी पन्नास वर्षं लागली. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची पाहणी केली, आणि ‘लॅन्सेट’मध्ये जानेवारी १९८९ला तिचे निष्कर्ष आले. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग होता. दर बाईमागे सरासरी साडेतीनहून जास्त. आणि त्याआधी कधीही आतून तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त आठ टक्के. तोवर सरकारी आरोग्यव्यवस्थेच्या लेखी खेड्यातली बाई म्हणजे गर्भवती, बाळंतीण किंवा नसबंदीची ‘केस’. या पाहणीने गर्भाशयाच्या पलीकडची बाई दाखवली. प्रजनन-आरोग्य या कल्पनेला १९९४च्या कैरो परिषदेत जे स्थान मिळालं त्याला गडचिरोलीच्या या दोन गावांचाही हातभार लागला. राणीताईंचं ‘कानोसा’ हे पुस्तक ज्यांनी वाचलं असेल त्यांना कळेल की आकड्यांच्या आधी तिथे ऐकणं होतं.

आकडे आले, पुढे काय झालं? सगळं सुधारलं असं म्हणणं धाडसाचं होईल. २०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न विधिमंडळात आला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. यामागे मुकादमाची उचल आहे, पाळीच्या दिवसांत बुडणारी मजुरी आहे, फडात संडास-पाण्याची सोय नसणं आहे, कॅन्सरची भीती घालणारे दवाखाने आहेत. त्यावर बरंच लिहिलं गेलं आहे. मी फक्त एका धाग्याकडे बोट दाखवते. पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं, जवळ येणं नको वाटणं या तक्रारींना गोळ्या-औषधांनी, जोडीदारासह उपचार करून, थोड्या विश्रांतीने उतार पडू शकतो. त्याऐवजी पिशवी काढली, आणि सोबत अंडकोशही गेले, तर पस्तिशीच्या आत पाळी जाते, योनी कोरडी पडते, आणि ज्या वेदनेसाठी बाई आली होती तिच्याहून मोठी वेदना घेऊन ती परत फडात जाते. पिशवी काढल्यावर ‘आता यांची कटकट मिटेल’ असं बोलून दाखवणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. म्हणजे काही जणींना शस्त्रक्रिया ही रात्रीच्या त्रासातून सुटकेची वाट वाटली होती.

हा त्रास शरीरापुरता राहत नाही. संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो. मुलाला मध्ये घेऊन झोपलं जातं, एकादशी-चतुर्थीचे उपास वाढतात, माहेरच्या खेपा वाढतात. उपासांचं समाजशास्त्र कोणी लिहिलं तर त्यात हे प्रकरण जरूर घालावं. झोप उडते, स्वतःविषयी कमीपणा येतो, उदासी बसते. नवऱ्याला ती टाळते आहे एवढंच दिसतं, आणि त्यालाही कोणी काही सांगितलेलं नसतं. मी पाहिलेले बहुतेक नवरे दुष्ट नव्हते. अज्ञानी होते, आणि कारण समजलं की कित्येकजण हबकून जात.

कायद्याचा या बाबतीतला कोश वैद्यकाहूनही जुना आहे. हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात नांदायला येण्याचा दावा अजून शिल्लक आहे, तुरुंग तेवढा गेला. मानसिक वा शारीरिक कारणाने संबंध अशक्य असेल तर ती व्यक्ती नपुंसक, अशी व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने दिग्विजयसिंह विरुद्ध प्रतापकुमारी या खटल्यात १९६९मध्ये केली. पुरुष असो वा स्त्री. म्हणजे स्नायू आवळले जातात अशा, उपचाराने बऱ्या होऊ शकणाऱ्या बाईलाही विवाह रद्द करण्याच्या अर्जात हाच शब्द लागू शकतो. आणि जी वेदनेमुळे नाही म्हणते पण जिचं ऐकलं जात नाही, तिच्यासाठी २०२४च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तोच अपवाद आहे : पत्नी अठरा वर्षांखालची नसेल तर नवऱ्याने केलेला संबंध बलात्कार नाही. फुलमणीच्या वेळची दहाची रेघ अठरावर सरकली, एवढाच काय तो फरक. रेघेच्या पलीकडे न्यायमूर्ती विल्सन जे म्हणाले होते ते कुठे उतरलेलं दिसत नाही.

उपचारांची बाजू मात्र खरोखर बदलली आहे. योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम, कटितळाच्या स्नायूंना ढिलं करायला शिकवणारी फिजिओथेरपी, लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने वापरायचे डायलेटर, भीती उतरवणारं समुपदेशन. सिम्सच्या काचेच्या साधनात आणि आजच्या डायलेटरमध्ये मुख्य फरक आकाराचा नाही. आज ते बाईच्या स्वतःच्या हातात असतं, तिच्या वेगाने, आणि थांबायचं कधी ते ती ठरवते. व्हजायनिस्मसच्या कितीतरी रुग्ण एवढ्यावर बऱ्या होतात. पुण्या-मुंबईत अशा फिजिओथेरपिस्ट मिळतात; तालुक्याच्या गावी नाही, आणि तिथे हे काम नर्सला शिकवून आम्ही चालवतो. ते जमतं.

पण या उपचारापर्यंत पोचण्याआधी बाई ज्या दारातून जाते ते बहुतेक वेळा वंध्यत्वाच्या दवाखान्याचं असतं. लग्नाला चार-पाच वर्षं झालेली, संबंध एकदाही पूर्ण झालेला नाही, आणि घरातल्यांना हवंय मूल. दोघं शिकलेली, नोकरी करणारी. रक्ताच्या तपासण्या होतात, सोनोग्राफी होते, वीर्यतपासणी होते. आतून तपासायला गेलं की ती आखडते, म्हणून तपासणी भूल देऊन होते. मग कृत्रिम रेतन, नाहीतर टेस्ट ट्यूब बेबी. बाळ होतं, तेही सिझेरियनने, पेढे वाटले जातात. यातली प्रत्येक पायरी वैद्यकाच्या नियमात बसते आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या इथरच्या बाटलीहून कितीतरी सुरक्षित आहे. फाइल मी उलटून पाहते तेव्हा पहिल्या पानावर पाळीची तारीख असते, आधीच्या गर्भपातांची संख्या असते, रक्तगट असतो, नवऱ्याचा व्यवसाय असतो. ‘संबंधाच्या वेळी दुखतं का?’ हा रकाना मी माझ्या दवाखान्याच्या केसपेपरवर पेनाने आखून घेतला आहे. छापील कागदावर तो अजून नाही.